फोटो ठेवायचे कशावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००४ साली मिरजेत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरनं त्या वर्षी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. आल्बमऐवजी त्यानं आम्हाला लाल मखमली पाकिटात दोन सीडी दिल्या आणि म्हणाला, ‘‘आता काळजी सोडा. आल्बमला वाळवी लागते, याला शंभर वर्षं काही होत नाही.’’ आम्ही त्या सीडी शोकेसमध्ये, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांशेजारी मांडल्या.

त्या लग्नात अब्बांचा एक फोटो निघाला होता. अब्बांना फोटो काढून घेणं आवडत नसे. जुन्या वळणाचे, दीनदार गृहस्थ. तसबिरीचा शौक त्यांना पटत नव्हता. मतदार ओळखपत्रासाठी एकदा आणि हजला जाताना पासपोर्टसाठी एकदा, एवढेच ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि दोन्ही वेळा आरोपीसारखे दिसले. लग्नात मात्र कुणाच्या तरी बोलण्यावर ते मान मागे टाकून हसत होते आणि नेमकं तेव्हाच फोटोग्राफरनं बटण दाबलं. २००९ साली अब्बा गेले. पुढं काही वर्षांनी मी पहिली सीडी संगणकात घातली. ती फिरली, घरघरली आणि थांबली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. दुसरी उघडली, तिच्यात वलीम्याचे फोटो होते. अब्बा पहिलीत होते.

फोटोग्राफरकडे गेलो. जागा पुरेना म्हणून त्यानं जुनी लग्नं संगणकातून कधीच पुसून टाकली होती. तेव्हापासून मला एका प्रश्नाचा नाद लागला. माणसानं चित्र टिकवण्यासाठी आजवर कशाकशावर भरवसा ठेवला आणि त्या त्या वस्तूनं तो कितपत सार्थ केला? मी काही तंत्रज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की माझी सीडी ही एका जुन्या गोष्टीतली अगदी अलीकडची पात्र आहे.

कॅमेऱ्यानं टिपलेला आणि आज पाहता येणारा सर्वांत जुना फोटो निसेफोर निएप्स या फ्रेंच गृहस्थाचा. १८२६-२७ च्या सुमारास त्यानं आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर, डांबराच्या पातळ थरात उतरवली. पत्रा काही जळला नाही की गंजून गेला नाही. पण त्याची दुसरी प्रत नव्हती आणि तो कुठं आहे हे माहीत असणारी माणसंही उरली नाहीत. इंग्लंडमध्ये एका पेटीत तो विसरून पडला होता. हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकारानं १९५२ साली तो शोधून काढला. आज तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिथं पोचेपर्यंत त्याचं जगणं निव्वळ नशिबावर होतं.

१८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीतही फोटो एकुलताच निघे, चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर. खरा बदल केला तो इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बटनं. त्यानं कागदावर निगेटिव्ह तयार केली आणि एका मुळावरून हव्या तितक्या प्रती काढण्याचा मार्ग खुला केला. पुढं कागदाच्या जागी काच आली. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे ही कला आपल्या दाराशी फार लवकर आली. काच जड, वाहून न्यायला त्रासाची आणि हातातून निसटली की संपली. पण ती आकसत नाही, वाकत नाही. जपून ठेवलेल्या काचेवरची चांदीची प्रतिमा शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही स्वच्छ छापता येते.

माणसाला मात्र हलकी वस्तू हवी होती. १८८९ च्या सुमारास गुंडाळता येणारी पारदर्शक फिल्म बाजारात आली. ती सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या दारूसारख्या स्फोटक कापसाची सख्खी बहीण. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ याच फिल्मवर उतरवला. चार रिळांचा तो चित्रपट. आज त्याचं पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं आहेत आणि तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. १९३१ चा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्णच गेला. एकही प्रत उरली नाही. जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकण्याचा धंदा त्या काळी चाले. माणसांचे चेहरे वितळवून चांदी काढायची, असाच तो प्रकार.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली उभं राहिलं आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानं गावोगाव फिरून रिळं गोळा केली. पण जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, जुन्या ‘प्रभात’च्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि मोठा ठेवा राख झाला. ज्या चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर काढून झाल्या होत्या, त्यांचं मूळ रीळ गेलं. ज्यांच्या नव्हत्या, त्यांचं सगळंच गेलं.

ही ‘सुरक्षित’ म्हणवली जाणारी फिल्म सेल्युलोज अॅसिटेटची. ती सहजासहजी पेटत नसे, म्हणून १९५० च्या आसपास जगभर तीच रूढ झाली. पण उष्ण आणि दमट हवेत ती आतून कुजते, आकसते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीकडे याची पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडून. थंड देशातल्या प्रयोगशाळेत जे टिकलं, ते आपल्या जून महिन्यात टिकलं नाही. ‘शंभर वर्षं’ असं कुणी म्हटलं की आता मी विचारतो, कुठल्या गावच्या हवेत?

रंगीत फोटोंची गत आपण सर्वांनी घरच्या घरी पाहिली आहे. आजोबांचा कृष्णधवल फोटो अजून ठसठशीत असतो आणि १९७०-८० च्या दशकातला आपला बारशाचा रंगीत फोटो लालसर होऊन बसलेला असतो. कृष्णधवल प्रतिमा चांदीच्या कणांची, रंगीत प्रतिमा रंगद्रव्यांची. त्यात निळसर रंग आधी उडाला की लाली उरते.

आता डिजिटल युगाकडे येऊ. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क आणली. मोठ्या कपाटाएवढी, टनभर वजनाची. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. एवढ्या अवजड यंत्रात पन्नास लाख अक्षरं मावत, म्हणजे आजच्या मोबाइलवरचा जेमतेम एक फोटो. पुढं १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्यानं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. दहा हजार ठिपक्यांचं ते धूसर चित्र साध्या कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आपण ज्या फितीवर कव्वाल्या आणि भावगीतं ऐकली, तीच डिजिटल फोटोची पहिली तिजोरी होती.

त्यानंतर तिजोऱ्या भराभर बदलल्या. १९९७ साली सोनीनं फ्लॉपीवर फोटो साठवणारा कॅमेरा आणला. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. २०११ साली सोनीनं फ्लॉपीची विक्रीच थांबवली. मग आली आपली सीडी, सातशे मेगाबाइटची, आणि पाठोपाठ ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी.

माझ्या सीडीचं काय झालं, ते मला नंतर कळलं. दुकानातून गाण्यांची सीडी आणतो, तिच्यावरचे खळगे साच्यात दाबून केलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या सीडीत मात्र सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेसर त्या थरावर डाग पाडत जातो. म्हणजे इथंही शेवटी रंगच, आणि रंग उजेडानं नि उष्णतेनं उडतो. शिवाय सीडीचा चकाकणारा थर असतो तो नावं लिहायच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली. चमकदार बाजूला ओरखडा पडू नये म्हणून आपण जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेननं दाबून नाव लिहितो, स्टिकर चिकटवतो. आम्ही तर ती पश्चिमेच्या खिडकीसमोर, काचेच्या कपाटात, रोजच्या उन्हात ठेवली होती.

पण वस्तू टिकली म्हणजे काम झालं, असंही नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमनं गावोगावच्या जमिनींची, गुराढोरांची नोंद करवून घेतली. ‘डूम्सडे बुक’ या नावानं ती ओळखली जाते आणि चामड्याच्या पानांवर लिहिलेलं ते पुस्तक आजही वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं नवी नोंद केली. दहा लाखांच्या आसपास लोकांनी, त्यांत शाळकरी मुलांनीही, आपल्या गावांची माहिती आणि फोटो पाठवले. हे सारं मोठ्या लेसर तबकड्यांवर साठवलं. १६ वर्षांतच अशी वेळ आली की तबकड्या आहेत, पण त्या वाचणारी यंत्रं जवळजवळ नामशेष झालेली. २००२ साली संशोधकांनी खटपट करून त्या पुन्हा बोलत्या केल्या आणि २०११ मध्ये ती माहिती इंटरनेटवर आली. नऊशे वर्षांपूर्वीचं पुस्तक डोळ्यांनी वाचता येत होतं आणि सोळा वर्षांपूर्वीच्या तबकडीसाठी तज्ज्ञांची फौज लागली.

आपण यावर हसायचं कारण नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे आहेत. त्या काळी दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद तयार होई. चिंध्या कुटून, लगदा चाळणीवर उचलून, घोटून कागद करणारे ते मुसलमान कारागीर, कागदी. त्यांच्या जातीच्या कागदाला दोन-तीनशे वर्षांनंतरही फारसं काही होत नाही. याउलट लाकडाच्या लगद्याचा आजचा वर्तमानपत्री कागद वर्षभरात पिवळा पडतो. कागद टिकला, शाईही टिकली, पण त्यावरची लिपी मोडी. ती वाचणारी माणसं आज किती? रियासतकार सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून घेतले, म्हणून तेवढा भाग देवनागरी वाचणाऱ्या माणसाच्या आवाक्यात आला. बाकीचे कागद आहेतच, पण वाचणाऱ्याची वाट पाहत. फ्लॉपी असावी आणि ती घालायला खाच नसावी, तसंच हे.

तर मग आज फोटो ठेवायचे कशावर? हा प्रश्न मला ओळखीची माणसंही विचारतात. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही पिशवी आहे, कपाट नव्हे. त्यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात कोंडलेली असते आणि वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो. नव्या एसएसडीचं तत्त्वही तेच. फिरत्या तबकडीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क भरपूर माल स्वस्तात ठेवते, पण ते शेवटी यंत्र आहे. पडलं तर बिघडतं, न वापरता ठेवलं तरी कधी अडून बसतं. पाच वर्षांच्या आसपास झाली की तिच्यावरचा माल नव्या डिस्कवर उतरवून घ्यावा, हे बरं. मोठमोठ्या संस्था अजूनही चुंबकीय फीत वापरतात. फीत स्वस्त आणि चिवट, पण ती वाचणारं यंत्र सामान्य घराला परवडणारं नाही.

राहिलं ‘क्लाउड’. नाव ढगाचं असलं तरी तो ढग नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतल्या हार्ड डिस्कच त्या. तिथं आपले फोटो आपल्या घरापेक्षा चांगले जपले जातात, यात शंका नाही. पण आपण तिथं भाडेकरू आहोत. एके काळी आपल्या मुलामुलींचं सारं जग ज्यावर होतं, ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. मुदत दिली होती. ज्यांनी वेळेत सामान हलवलं त्यांचं वाचलं. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट जागा मिळे, ती सवलत १ जून २०२१ पासून संपली. शिवाय घरातल्या कर्त्या माणसाबरोबर त्याचा पासवर्डही जातो, हे कुणी ध्यानात घेत नाही. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो ही बहुधा दाबून लहान केलेली प्रत असते, ती मूळ समजू नये.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं यावर एक सोपा हिशेब सांगितला, तो आता जगभर चालतो: तीन-दोन-एक. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. या शेवटच्या ‘एक’चा अर्थ मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळला. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या एका स्नेह्यांच्या घरी संगणकही पाण्यात गेला आणि त्याची नक्कल ठेवलेली डिस्कही. दोन्ही एकाच टेबलावर होती. त्यांना मी काय सांगणार? एका टेबलावरच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

खरं तर हा हिशेब आपल्याला नवा नाही. आमच्यात कुराण मुखोद्गत करणाऱ्याला हाफिज म्हणतात. हाफिज म्हणजे जपणारा. परंपरा सांगते की यमामाच्या लढाईत अनेक हाफिज कामी आले, तेव्हा हजरत अबू बक्र यांनी सारं एकत्र लिहून काढायला सांगितलं आणि पुढं हजरत उस्मान यांनी त्याच्या प्रती वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. स्मृती आणि लेखन ही दोन माध्यमं, आणि अनेक ठिकाणं. इकडं देहूत तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी तरल्या, अशी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेला हात न लावता एवढं म्हणता येईल की ते अभंग तोवर लोकांच्या ओठांवर होते आणि संताजी जगनाड्यांसारख्यांच्या हातच्या वह्यांतही उतरले. नदी एक वही बुडवू शकते, सगळी माणसं नाही.

गंमत अशी की इतकी वर्षं फिरून विज्ञानही जुन्याच वाटेवर येतंय. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटावर, एका जुन्या कोळशाच्या खाणीत, २०१७ साली एक संग्रह सुरू झाला. तिथं डिजिटल माहिती चक्क फिल्मवर उतरवून बर्फाळ थंडीत ठेवतात. आणि त्याच फिल्मवर, माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत, ही माहिती कशी वाचावी तेही लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याची सोय करून ठेवणं, हा धडा त्यांनी बरोबर घेतला.

आता अब्बांच्या फोटोची गोष्ट पुरी करतो. मी सांगलीच्या त्या घरी पुरानंतर मदतीला गेलो होतो, तिथून परतताना फुप्पीकडे, म्हणजे आत्याकडे थांबलो. बोलता बोलता सीडीचा विषय निघाला. फुप्पी उठली, पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली आणि कापडात गुंडाळलेला पोस्टकार्डाएवढा फोटो माझ्या हातात ठेवला. लग्नाच्याच आठवड्यात तिनं त्या फोटोग्राफरकडून पंधरा-वीस रुपयांना एक प्रत छापून घेतली होती. ‘‘भाईजान हसताना कधी सापडायचे? म्हणून घेतली,’’ ती म्हणाली. अब्बा मान मागे टाकून हसत होते. एक कोपरा तेवढा पिवळट झाला होता.

तो फोटो मी स्कॅन केला. एक प्रत माझ्या हार्ड डिस्कवर आहे, एक क्लाउडवर, एक बहिणीकडे सोलापुरात, आणि नव्यानं छापलेल्या चार प्रती चार घरांत. दर वर्षी रमजान ईद झाली की एक दिवस काढून मी सगळ्या प्रती उघडून पाहतो. जी कुरकुरते, तिची नवी करतो. मूळ फोटो फुप्पीच्याच पेटीत ठेवला, कारण आजवर त्याला तिथंच सुरक्षित वाटलंय.

स्कॅन करताना मुलगी शेजारी बसली होती. तिनं फोटो उलटून पाहिला आणि विचारलं, ‘‘मागं हे काय लिहिलंय?’’ फुप्पीनं पेन्सिलीनं, उर्दूत लिहिलं होतं: भाईजान, मुन्नी की शादी में. मुलीला उर्दू वाचता येत नाही. ती शिकवायची माझ्याकडून राहूनच गेली. मग मी तिला वाचून दाखवलं आणि तिनं फाइलला देवनागरीत नाव दिलं: दादाअब्बा, आत्याचं लग्न, मिरज, २००४.